मागच्या दाराचे वाचक

"पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं. ह्याला शिक्षण कशाला लागतंय?" वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब जगदाळे म्हणाले, आणि माझ्या बायकोनं त्यांच्यापुढं चहाचा कप ठेवला.

मी तेव्हा स्टुलावर उभा राहून वाचनालयाचा पंखा उतरवत होतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वाचनालयाचा पंखा बिघडला, मोटार जळाली, की संस्था मलाच बोलावायची. पैसे द्यायची वेळ आली की म्हणायची, मिस्त्री, तुमच्याच घरचं आहे. ते खरंही होतं एका अर्थी. माझी बायको शालन तिथं सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होती.

कार्यकारिणीची बैठक असली की चहा तीच द्यायची. शिपायाची जागा भरलीच नव्हती. लग्नानंतर दर शनिवार-रविवार एसटीनं सांगलीला जाऊन तिनं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती, आणि ती कप गोळा करत होती. मला राग आला. पण मी स्टुलावर होतो आणि हातात पंखा होता.

"तसं नाही भाऊसाहेब," चिटणीस कुलथे सर म्हणाले. ते निवृत्त शिक्षक. माणूस भला, पण अध्यक्षांच्या पुढं आवाज बसायचा. "बाईंचं काम चांगलं आहे."

"मी कुठं वाईट म्हणतोय? मी काळाचं बोलतोय. सगळं आता मोबाईलवर आलंय. ह्या हॉलमध्ये साठ खुर्च्या बसतात. मध्ये पार्टिशन, प्रत्येकाला दिवा, चार्जिंगचा पॉइंट. स्पर्धा परीक्षेची पोरं रांग लावतील. अभ्यासिका म्हणतात त्याला. ती चालवायला एक किल्लीवाला माणूस पुरतो."

"आणि पुस्तकं?" शालननं विचारलं.

"गोदामात ठेवू. रस्त्याकडचं माझं जुनं गोदाम रिकामंच आहे. ज्याला पाहिजे त्यानं सांगावं, आणून देऊ."

"कोणतं पुस्तक पाहिजे हे न बघता कसं सांगेल कोणी?"

भाऊसाहेब हसले. "लोंढेबाई, रजिस्टर तुमचंच आहे. तुमच्याच अक्षरात आहे. दिवसाला सरासरी चौदा पुस्तकं जातात. बावीस हजार पुस्तकं, आणि वाचणारे चौदा. एवढी मोठी जागा चौदा माणसांसाठी अडवायची?"

"रजिस्टरात आहेत तेवढेच वाचक नाहीत," शालन म्हणाली.

"मग बाकीचे कुठं आहेत? छपरावर?"

सगळे हसले. कुलथे सरसुद्धा हसले, मग खाली बघायला लागले. शालननं उरलेले कप उचलले. मला वाटलं, ती उगाच बोलून गेली असेल. शेवटी कुलथे सर म्हणाले, "रविवारी सर्वसाधारण सभा आहे. बाईंना काही आकडे मांडायचे असतील तर तिथं मांडू देत. मग ठराव घेऊ."

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होतीस? कुठले बाकीचे?"

तिनं पिशवीतून दोन लांब वह्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. इतक्या वर्षांत मी त्या बघितल्या नव्हत्या.

वाचनालय दुपारी एक ते तीन बंद असायचं. बोर्डावर तसं लिहिलं होतं. वाचनालयाचं मागचं दार ज्या बोळात उघडतं, तिथं समोरच मुळ्यांची पिठाची गिरणी. गिरणीची मोटार मीच भरून दिलेली. दुपारी बायका दळण घेऊन यायच्या आणि नंबर लागेपर्यंत बोळात बसायच्या. एकदा उन्हाळ्यात एकीनं पाणी मागितलं. शालननं मागचं दार उघडून तिला आत बसवलं. ती बाई कपाटांकडं बघत राहिली. जाताना म्हणाली, "एक नेलं तर चालंल का? उद्या आणते."

चालत नव्हतं. नियमाप्रमाणं सभासद व्हायला अर्ज लागायचा, अर्जाला गावातल्या घरपट्टी भरणाऱ्या माणसाची जामीन म्हणून सही लागायची. घरपट्टी पुरुषांच्या नावावर. म्हणजे नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं सही दिली तरच बाईला पुस्तक. शालननं तीन वेळा कार्यकारिणीला लिहून दिलं होतं की ही अट काढा. तिन्ही वेळा विषय पुढं ढकलला.

मग तिनं पुस्तक दिलं. रजिस्टरात लिहिता येत नव्हतं, म्हणून वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं, दळणाच्या डब्यात, धान्यावर फडकं टाकून त्याच्यावर ठेवलेलं. मग दुसरी बाई आली. तिसरी आली. पुस्तकं डब्यातून जायला लागली, डब्यातून यायला लागली. नऊ वर्षं.

तेव्हा मला आठवलं की तिच्या पदराला दुपारचं पीठ लागलेलं असायचं. मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, येताना दळण आणलं असेल.

"किती बायका?" मी विचारलं.

"एकशे त्रेचाळीस. पुस्तकं अकरा हजार दोनशे सहा. त्यातली सात परत आली नाहीत. दोन बायका वारल्या, एकीला माहेरी पाठवलं, म्हणून."

मी उठून उभाच राहिलो. "शालन, मग हे टाक ना त्या जगदाळ्याच्या टेबलावर! चौदा म्हणतोय तो! तोंड उघडायचा नाही परत!"

"आकडे सांगणार आहे मी. कागद करते."

"कागद कशाला? ही वहीच दाखव."

"वहीत नावं आहेत."

"असू देत की."

"नाही," ती म्हणाली. "नावं नाही दाखवायची."

मला ते पटलं नाही. बायका काय दारू प्यायला येत होत्या का? पुस्तकंच नेत होत्या. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "त्यांनी घरी सांगितलेलं नाही. सांगता आलं असतं तर समोरच्या दारानं आल्या असत्या."

आठवडाभर ती कागद करत बसली. कोणत्या साली किती बायका, किती पुस्तकं, कोणत्या विषयाची. स्वयंपाक झाला की बसायची. कथा-कादंबऱ्या जास्त असतील असं मला वाटलं होतं. होत्या, पण त्यांच्याबरोबर शेतीची होती, बाळंतपणाची होती, कायद्याची होती. "पोटगीचं पुस्तक," ती म्हणाली, "एकवीस वेळा गेलंय. रजिस्टरात एकदाही नाही." शेवटी एक वाक्य लिहिलं: ही पुस्तकं गोदामात गेली तर हे वाचक गोदामापर्यंत येऊ शकणार नाहीत. ते वाक्य तिनं तीनदा खोडून तीनदा लिहिलं.

शुक्रवारी ती बाजारात गेली होती तेव्हा मी वह्या उघडल्या. मला फक्त बघायचं होतं. अक्षर सुबक, प्रत्येक ओळीत तारीख, पुस्तकाचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात नाव. ओळखीची नावं निघत गेली. आमच्या गल्लीतली निघाली. पोस्टमनची बायको निघाली. मी पानं उलटत होतो, आणि दुसऱ्या वहीत एका नावावर थांबलो. ते नाव पुढं परत आलं. परत आलं. मी मोजलं. मग वह्या होत्या तशा ठेवल्या आणि तिला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी दहाला सभा. हॉल भरला होता. बावीस हजार पुस्तकांच्या कपाटांमध्ये लोक दाटीनं बसले होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी कधी एकही पुस्तक नेलं नव्हतं. भाऊसाहेबांनी आणलेली माणसं होती ती. पाचशे रुपयांचे आजीव सभासद. मी मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या हातात हत्याराची पिशवी होती. शालननं विचारलं होतं, सभेला पिशवी कशाला? मी म्हणालो, पंखा अजून थोडा वाजतोय.

तिची वेळ आली तेव्हा तिनं कागद वाचला. आवाज बारीक होता, पण थांबली नाही. दुपारी एक ते तीन. एकशे त्रेचाळीस वाचक. अकरा हजार दोनशे सहा पुस्तकं. कुलथे सर चष्मा काढून पुसायला लागले.

भाऊसाहेबांनी कागद मागून घेतला, उलटसुलट बघितला. "लोंढेबाई, ह्यावर कोणाची सही आहे?"

"माझी."

"म्हणजे तुम्हीच लिहिलं आणि तुम्हीच सही केली. कोण ह्या बायका?"

"नावं सांगता येणार नाहीत."

"का?"

"वाचकाचं नाव सांगायचं नसतं."

"कुठं लिहिलंय असं?"

"आम्हाला तसं शिकवलंय."

"अस्सं. शिकवलंय." ते लोकांकडं वळले. "बघा मंडळी. एकशे त्रेचाळीस बायका आहेत, पण दिसत नाहीत. अकरा हजार पुस्तकं गेली, पण रजिस्टरात नाहीत. मी सुद्धा कागद करून आणतो, की माझ्या गोदामात दुपारी पाच हजार माणसं नाचतात!"

लोक इतके हसले की कोणीतरी खुर्चीसकट मागं सरकला. एकजण ओरडला, "बाई, नोकरी वाचवायला कायबी?" शालन तशीच उभी होती. कागद भाऊसाहेबांच्या हातात राहिला होता आणि तिचे हात रिकामे होते.

मी पिशवीतून ती दुसरी वही काढली.

"भाऊसाहेब!" मी ओरडलो. मला माझा आवाज ओळखू आला नाही. "नावं पाहिजेत ना? ही घ्या नावं!"

शालन वळली. तिनं वही बघितली. "अहो," ती म्हणाली. "नका."

मी ऐकलं. पण मी थांबलो नाही. सत्तावीस वर्षांचे चहाचे कप माझ्या डोळ्यांपुढं होते.

"आमची गल्ली नाही, गिरणीचा बोळ नाही," मी म्हणालो, "तुमच्या वाड्यातलंच सांगतो. अश्विनी संग्राम जगदाळे. तुमची धाकटी सून. दोन वर्षांत एकेचाळीस पुस्तकं! तुमच्या घरचा दळणाचा डबा कामवाली घेऊन येते ना, त्या डब्यातून! जा, घरी विचारा कागद खरा का खोटा!"

हॉलमधले लोक आधी भाऊसाहेबांकडं बघत राहिले. मग मागच्या बाजूला एकजण खुदकन हसला आणि मग सगळीकडून हसू फुटलं. ह्या वेळी ते भाऊसाहेबांना हसत होते. मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला फार बरं वाटलं.

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. पण ते मुरलेले गडी. त्यांनी हसू संपू दिलं. मग हळू आवाजात बोलले.

"बरं झालं मिस्त्री, तुम्ही सांगितलं. म्हणजे सभासद नसलेल्यांना, जामीन नसताना, नोंद न करता, बंद वेळेत, मागच्या दारानं संस्थेची पुस्तकं बाहेर जात होती. आणि ती देणारी आपलीच नोकर. हे आता तुमच्याच तोंडून सभेपुढं आलं. कुलथे सर, लिहून घ्या."

कुलथे सरांनी लिहून घेतलं.

बाईंच्या बाजूनं कोणी उठलं नाही. जे हसले होते तेही नाही. ठराव हात वर करून मंजूर झाला. शालननं मतदानाकडं बघितलंच नाही. ती लोकांमधून वाट काढत माझ्याकडं आली, हात पुढं केला आणि म्हणाली, "वही."

मी दिली. ती परत टेबलापाशी गेली, कमरेची किल्ली काढून कुलथे सरांपुढं ठेवली. "राजीनामा संध्याकाळी लिहून पाठवते," म्हणाली आणि समोरच्या दारानं बाहेर पडली.

महिनाभरात पुस्तकं ट्रॅक्टरनं गोदामात गेली. पहिल्याच पावसाळ्यात गोदामात वाळवी लागली असं मला गिरणीवाल्या मुळ्यांनी सांगितलं. शालनला मी सांगितलं नाही, तिला माहीत होतंच. हॉलमध्ये साठ खुर्च्या आल्या. दारावर बोर्ड लागला, ग्रंथालय व अभ्यासिका. ग्रंथालय हा शब्द सरकारी अनुदानासाठी ठेवला. अनुदानाला ग्रंथपाल लागतो, म्हणून कागदावर भाऊसाहेबांच्या पुतण्याचं नाव घातलं. तो पुण्यात राहतो. तपासणीच्या दिवशी येऊन खुर्चीत बसतो. पोरांचा मला राग नाही. पोरं बिचारी अभ्यास करतात. पण ती स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि स्वतःची घेऊन जातात. त्या हॉलमध्ये विचारावं असं कोणी माणूसच नाही. पर्यवेक्षक म्हणून एकजण दारात बसतो. त्याला विचारलं, अमुक एक पुस्तक आहे का, तर तो सांगतो, वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलाय.

ह्या आषाढात शालन गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. दोन वर्षं डायलिसिस चाललं. तेराव्यानंतर अभ्यासिकेत शोकसभा ठेवली. भाऊसाहेब आता नाहीत, त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. मला पुढं बसवलं. एका वक्त्यानं सांगितलं की लोंढेबाईंनी अन्यायापुढं मान झुकवली नाही, अध्यक्षांच्या तोंडावर किल्ली फेकली. फेकली नव्हती, ठेवली होती. दुसरा म्हणाला, अशी निष्ठावान ग्रंथपाल पुन्हा होणे नाही. बरोबर बोलला. ती जागाच ठेवली नाही तर होणार कशी? मला त्या लोकांना उठून विचारायचं होतं की बावीस हजार पुस्तकं कुठं आहेत ते कोणीतरी सांगा आणि मग रडा. चहा आला. कागदी कपात. मी घेतला नाही.

माझ्याबद्दलही बोलले. म्हणाले, मिस्त्रींनी त्या दिवशी भरसभेत सत्य मांडून बायकोच्या पाठीशी उभं राहायचं धैर्य दाखवलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत वाजवत नाहीत, तरी वाजल्या. चौदा वर्षं गावात हेच चालत आलंय. जगदाळ्यानं बाईला घालवलं आणि मिस्त्री एकटा नडला. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

म्हणून त्या रविवारी घरी काय झालं ते लिहितो.

वाटेनं मीच बोलत होतो. "कसा पडला की नाही तोंडावर? लोक कसे हसले बघितलंस? नोकरी गेली तर जाऊ दे, चूल माझ्या दुकानावर चालते." ती चालत राहिली. घरात आली, पाणी प्यायली, चटईवर बसली.

"अश्विनीचं आता काय होईल?" तिनं विचारलं.

मी तो विचारच केला नव्हता. मी म्हणालो, "काय होणार? शिकलेली पोरगी आहे."

"शिकलेली आहे म्हणून तर. एम.ए. अर्धं सोडवून आणलीय. पुढची परीक्षा बाहेरून द्यायची होती तिला. त्याचीच पुस्तकं होती ती." ती थांबली. "आणि ती कामवाली."

दुसऱ्या दिवसापासून जगदाळ्यांचा डबा मुळ्यांच्या गिरणीत आला नाही. कामवालीला त्यांनी काढलं. अश्विनीला पुढं कोणी बाहेर बघितलं नाही. लग्नकार्यात दिसायची, सासूच्या मागं. आणि त्या सोमवारी, मंगळवारी, बोळात एकही बाई बसली नाही. एकीचं नाव सभेत घेतलं गेलं तर आपलंही घेतलं जाईल, हे सगळ्या जणींना एका दिवसात कळलं. पुस्तकं गोदामात जायच्या आधीच वाचक गेले होते. ते भाऊसाहेबांनी घालवले नव्हते.

पण हे मला नंतर कळत गेलं. त्या संध्याकाळी मी तिच्यावरच चिडलो. "तू राजीनामा कशाला दिलास? लढायचं होतं! काय चुकलं होतं तुझं?"

"माझ्या वाचनालयातून वाचकाचं नाव बाहेर गेलं," ती म्हणाली. "आता त्या खुर्चीत मला बसता येणार नाही."

"अगं पण ते मी सांगितलं! तू कुठं सांगितलंस?"

"वही माझी होती."

मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी केलं."

"माहीत आहे मला. डॉक्टरच्या घरातलं कोणी असं चव्हाट्यावर उभं राहून कुणाला काय आजार आहे ते सांगेल का? डॉक्टरच्या बायकोला कळतं तेवढं. माझ्या कामाचं तुम्हालासुद्धा तसं वाटलं नाही."

ती हे रागावून बोलली नाही. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं.

मग तिनं दोन्ही वह्या जवळ ओढल्या, शिवणकामाच्या डब्यातून कात्री काढली आणि पहिल्या पानापासून नावांचा रकाना कापायला लागली. तारीख आणि पुस्तकाचा नंबर वहीत राहायचा आणि नावांची अरुंद पट्टी तिच्या मांडीवर पडायची. पट्टी पडली की ती तिचे बारीक तुकडे करून चुलीच्या कडेला ठेवायची. दोन वह्या, नऊ वर्षं. तिच्या अंगठ्याला कात्रीचा वळ उठला होता.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "दे, मी कापतो थोडी पानं."

तिनं वही आपल्याकडं फिरवून घेतली.

"नको," ती म्हणाली. "तुम्हाला नावं दिसतील."